नावानिशी

आमच्या टेबलाच्या खणात सुमारे दोनशे जुन्या कार्डांची एक जुडी आहे. घरी येणाऱ्या कुणाच्या ती दृष्टीस पडली, की 'हे काय एवढे जपून ठेवले आहे?' असा प्रश्न ठरलेला असतो. कार्डे पिवळी पडली आहेत, कडा मऊ झाल्या आहेत. कोणत्याही कार्डावर ग्रंथाचा क्रमांक नाही, प्रकाशकाचे नाव नाही, पृष्ठसंख्या नाही. वर एक नाव, खाली एक नाव आणि दोहोंच्या मध्ये एकच शब्द : पाहा.

नागपूरच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ तालिकीकरणाचे काम केले. तालिकीकरण म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची अशी नोंद करणे, की पुढे कुणी ते मागितले असता हाती यावे. आमच्या वेळी ही नोंद साडेसात बाय साडेबारा सेंटीमीटरच्या कार्डावर होत असे. लेखकाच्या नावाचे एक कार्ड, ग्रंथनामाचे दुसरे, विषयाचे तिसरे; विषयाचे शीर्षक तांबड्या शाईत. ही कार्डे वर्णानुक्रमे लावून एका सागवानी कपाटाच्या खणांत उभी केली जात आणि त्यांच्या खालच्या भोकांतून एक पितळी सळई आरपार घातलेली असे. खण हातातून निसटून पडला तरी क्रम विसकटू नये, एवढीच त्या सळईची कामगिरी. काही वर्षांपूर्वी ते कपाट ग्रंथालयातून हलवण्यात आले. आम्ही तेव्हा निवृत्त झालो होतो. नव्या ग्रंथपालांनी मोठ्या मनाने निरोप धाडला, 'आठवण म्हणून एखादा खण घेऊन जा.' आम्ही उत्तर दिले, 'खण नको. त्यातली "पाहा" लिहिलेली कार्डे तेवढी द्या.' ही जुडी ती. आम्ही ती का मागितली, हे सांगण्यासाठी आजचे हे लेखन.

मराठी वाचकाला 'पाहा'चे महत्त्व सांगण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ज्ञानेश्वर, ज्ञानदेव, ज्ञानोबा ही एकाच पुरुषाची नावे आणि 'ज्ञानेश्वरी' व 'भावार्थदीपिका' हा एकच ग्रंथ, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कपाटाला मात्र ते ठाऊक नसते. कपाटाला फक्त अक्षरे कळतात. म्हणून कुणीतरी बसून ठरवावे लागते, की या पुरुषाचे सर्व ग्रंथ 'ज्ञानेश्वर' या एका नावाखाली एकत्र ठेवू आणि 'ज्ञानदेव' या नावाच्या जागी एक पाटी लावू : 'ज्ञानेश्वर' पाहा. अशा रीतीने एक नाव प्रमाण मानणे, बाकीच्या नावांवरून त्याच्याकडे वाट काढून देणे आणि एकाच नावाच्या दोन माणसांची गल्लत होऊ न देणे, या तीन कामांना मिळून ग्रंथालयशास्त्रात 'ऑथॉरिटी कंट्रोल' म्हणतात. आम्ही आपले त्याला नामप्रमाणीकरण म्हणत असू. अमेरिकेतील चार्ल्स कटर यांनी १८७६ साली तालिकेचे नियम लिहिले, तेव्हाच तालिकेचे एक प्रमुख काम सांगून ठेवले होते : अमुक एका लेखकाचे आपल्या ग्रंथालयात काय काय आहे, ते वाचकाला एकत्र दिसले पाहिजे. ऐकायला किती सोपे! करताना मात्र आयुष्य जाते.

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात, बुश्टन या गावी जन्मलेला, १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरलेला आणि १६१९ साली याच भूमीत देह ठेवलेला एक येशूसंघीय धर्मगुरू. त्याला आपण फादर स्टीफन्स म्हणतो. परंतु कुठे तो थॉमस स्टीफन्स आहे, कुठे स्टीव्हन्स, कुठे नुसता स्टीफन. पोर्तुगीज कागदपत्रांत तो इस्तेव्हाव आहे आणि काही जुन्या उल्लेखांत जन्मगावावरून पडलेल्या नावाने तो बुस्टन झाला आहे. त्याच्या ग्रंथाचीही तीच तऱ्हा. तो १६१६, १६४९ आणि १६५४ असा तीनदा छापला गेला, आणि पहिल्या आवृत्तीच्या पोर्तुगीज शीर्षकात 'पुराण' हा शब्दच नव्हता. आपल्या तारणाऱ्याच्या जगातील आगमनाविषयी प्रवचन, अशा अर्थाचे ते शीर्षक होते. १९०७ साली मंगळूरच्या जोसेफ सालढाणा यांनी काढलेली आवृत्ती रोमन लिपीत आहे आणि तिच्यावर इंग्रजी नाव आहे. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत 'ख्रिस्तपुराण' आणले, १९९६ साली कारिदाद द्राग्ो यांनी, आणि २००९ साली फादर नेल्सन फलकाव यांनी. कुणी 'ख्रिस्त' लिहितो, कुणी 'क्रिस्त'. आता नागपूरच्या एखाद्या विद्यार्थिनीने 'स्टीफन्स' या खणात शोधले आणि सालढाणांची आवृत्ती दुसऱ्याच नावाखाली पडलेली असली, तर तिला ती मिळणार कशी? मराठीचा एवढा मोठा भक्त आपल्याच कपाटात पाच ठिकाणी विखरून पडलेला असतो आणि पाचही ठिकाणी अर्धाच असतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा आमच्या गावाशी संबंध आहे. ख्रिस्ती होण्यापूर्वी ते काही काळ नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने होते आणि १८९३ साली राजनांदगावकडे जात असता आगगाडीत भेटलेल्या एका मिशनऱ्याने त्यांना शुभवर्तमान वाचावयास सांगितले, ही हकीकत आपल्या वाचकांना परिचित आहे. परंतु तालिकेत 'टिळक' हा खण उघडला, की प्रथम लोकमान्य उभे राहतात, आणि ते स्वाभाविक आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. रोमन लिपीत त्यांचे 'लक्ष्मी' तीन तऱ्हांनी लिहिले जाते. 'स्मृतिचित्रे'च्या जुन्या आवृत्तीवर शेवटच्या अक्षरावर अनुस्वार आहे, नव्या आवृत्तीवर तो नाही. आपल्यातील आडनावांविषयी तर बोलूच नये. डिसोझा, डिसूझा, डिसोजा, हे एकाच घरातील तीन भाऊही असू शकतात. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे २०२० सालचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना शोधायचे ते 'द'मध्ये, 'ड'मध्ये की 'ब'मध्ये? संतांना आडनाव नसते, म्हणून त्यांना नियमाप्रमाणे पहिल्या नावाखाली नोंदवायचे. पण आमच्या सदर भागातील कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स यांना कितीतरी वाचक 'सेल्स'मध्येच शोधत येत.

उलट दिशेचीही गंमत आहे. एका ख्रिस्ती वाचकाने एकदा 'ग्रेस' या कवीची पुस्तके मागितली आणि हा आपल्यापैकीच कुणी असावा, असे आम्हांला विश्वासाने सांगितले. नागपूरचे हे थोर कवी म्हणजे माणिक सीताराम गोडघाटे. १९३७ साली जन्मलेल्या या कवीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो २०११ साली. त्यांच्या पुस्तकांवर 'ग्रेस' एवढेच छापलेले असते. मग प्रमाण नाव कोणते धरावे? वाचक ज्या नावाने ओळखतात ते. म्हणून आमच्या जुडीत एक कार्ड आहे : 'गोडघाटे, माणिक सीताराम. पाहा : ग्रेस.' कवी अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, हेही आमच्याच गावचे कार्ड.

हे काम मराठीत किती निष्ठेने झाले आहे, त्याचे स्मरण येथे केले पाहिजे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी मुद्रित पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' सिद्ध केली आणि पुढे १९५० पर्यंतच्या पुस्तकांचा दुसरा भाग १९६१ साली आणला. संगणक नाही, छायाप्रतीची सोय नाही. अशा काळात, मराठीत काय काय छापले गेले आहे याचा शोध एका माणसाने हाताने घेतला. आमच्या टेबलावर ते दोन जाडजूड खंड सदैव असत. एखाद्या जुन्या लेखकाच्या आद्याक्षरांचा उलगडा होईना, की आम्ही दात्यांना शरण जात असू.

माणसांची ही कथा, तर संस्थांची आणखी निराळी. माणसाने नाव बदलले तरी माणूस तोच राहतो, म्हणून त्याची सर्व पुस्तके एका ठिकाणी आणायची. संस्थेने नाव बदलले, की नियमाप्रमाणे दोन नावांच्या दोन नोंदी करायच्या आणि 'पूर्वीचे नाव पाहा', 'नंतरचे नाव पाहा' अशी त्यांची गाठ मारून द्यायची. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले आणि २००५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झाले. २००४ चा प्रबंध एका नावाखाली, २००६ चा दुसऱ्या. गाठ मारली नाही, तर पुढच्या पिढीला ही दोन विद्यापीठे वाटतील.

त्याहून अवघड गाठ आमच्या गावच्या इतिहासात आहे. नागपूर आधी मध्य प्रांताची राजधानी होते. त्या प्रांताला वऱ्हाड जोडला गेला आणि तो 'मध्य प्रांत व वऱ्हाड' झाला. १९५० साली त्याचे नाव 'मध्य प्रदेश' पडले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळास गेली. म्हणजे १९५५ सालच्या शासकीय अहवालावरील 'मध्य प्रदेश' आणि १९५७ सालच्या अहवालावरील 'मध्य प्रदेश' ही अक्षरे तीच, पण राज्याचा देह वेगळा.

या गुंत्यातील एका अहवालाशी आपल्या समाजाचा निकटचा संबंध आहे. १९५४ साली तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यास एक समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ साली नागपुरात छापला गेला. तो आपल्या लोकांच्या मनाला फार लागला. आमच्या ग्रंथालयात त्याची एक प्रत होती. नियमाप्रमाणे तिची नोंद होती 'मध्य प्रदेश' या शासनाच्या नावाखाली, समितीच्या लांबलचक अधिकृत नावासह. मागणारा वाचक मात्र 'नियोगी अहवाल' एवढेच म्हणत असे, आणि त्या नावाचे कार्ड कपाटात नव्हते. आम्ही ते करावयास घेतले, तेव्हा आमच्या परिचयाचे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, 'अहो, आहे तसे राहू द्या की! पुस्तक तुम्ही काढून टाकत नाही. कुणाला सापडले नाही, तर त्यात तुमचे काय पाप?'

आम्ही त्या रात्री बराच वेळ विचार केला. पुस्तक जाळणे आणि पुस्तकाकडे जाणारी वाट बुजवणे यांत अंतर आहे, हे खरे. परंतु वाचकाच्या बाजूने पाहिले, तर त्याला पुस्तक मिळाले नाही ते नाहीच. ज्यांनी त्या अहवालाला उत्तरे लिहिली, त्यांनाही आधी तो वाचावाच लागला असणार. दुसऱ्या दिवशी आम्ही कार्ड लिहिले : 'नियोगी अहवाल. पाहा : मध्य प्रदेश.' ते कार्ड या जुडीत आहे आणि ते लिहिल्याचा आम्हांला आजही अभिमान आहे.

अभिमानाची गोष्ट सांगितली. आता दुसरी सांगितली पाहिजे, कारण तिच्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

एका दिवंगत धर्मगुरूंचा ग्रंथसंग्रह आमच्या महाविद्यालयाला भेटीदाखल मिळाला होता. दोन मोठ्या पेट्या. मे महिन्याची दुपार, कूलरचे पाणी संपलेले, आणि सुटीत हे सारे उरकावे असा वरून आग्रह. त्यांत चाळीसएक पानांची, शिवण सुटलेली एक पुस्तिका होती. भजने. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव होते ते गावावरून घेतलेल्या आडनावासह, हिंदू वळणाचे. आम्ही तेच नाव कार्डावर उतरवले, ग्रंथनामाचे कार्ड केले, विषय लिहिला 'भक्तिगीते', आणि पुढचे पुस्तक हाती घेतले. आत प्रस्तावना होती. ती आम्ही वाचली नाही.

१९९८ सालच्या पावसाळ्यात एक तरुणी ग्रंथालयात आली. कामठीच्या बाजूस एका शाळेत ती शिकवीत होती. तिचे आजोबा खेड्यापाड्यांतून फिरणारे धर्मशिक्षक होते. त्यांनी भजनांचे एक छोटे पुस्तक छापले होते आणि त्याची एक प्रत त्या धर्मगुरूंकडे होती, असे तिने ऐकले होते. घरची प्रत पुरात गेली होती. आजी अजून होती. एक भजन ती गुणगुणत असे, पण पहिल्या कडव्यापुढचे शब्द तिला आठवत नसत, आणि ते आठवत नाहीत म्हणून ती रडत असे. मुलीने आजोबांचे नाव सांगितले. ते बाप्तिस्म्याचे नाव होते, आणि त्यापुढे शाळेच्या दाखल्यात मुलांना लागलेले आडनाव. आम्ही खण उघडला, दोन वेळा कार्डे चाळली, ग्रंथनामाचा खणही पाहिला. पण पुस्तकाचे नेमके नाव तिला ठाऊक नव्हते. शेवटी आम्ही म्हणालो, 'बाई, हे पुस्तक आमच्याकडे नाही.' 'मिळाले नाही' असे आम्ही म्हणालो नाही. 'नाही' म्हणालो. ती आभार मानून गेली. पावसात छत्री उघडताना तिने एकदा मागे वळून कपाटाकडे पाहिले, ते आम्हांला अजून दिसते.

पुढे २००६ साली ग्रंथालयाचे संगणकीकरण झाले. कार्डांवरील मजकूर यंत्रात भरण्यास काही तरुण नेमण्यात आले होते. मुले कष्टाळू होती. त्यांना दर नोंदीमागे मोबदला होता. नोंद कशाची? तर दाखलअंक असलेल्या पुस्तकाची. 'पाहा' कार्डावर दाखलअंक नसतो. त्यामुळे ती कार्डे बाजूला पडली आणि यंत्रात गेलीच नाहीत. सर्व खण रिकामे होऊन पडद्यावर आले, आणि त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या वाटा तेवढ्या मागे राहिल्या. आम्ही ते बोलून दाखवले, तेव्हा एका तरुण सहकाऱ्याने समजावले, 'आता त्यांची गरज नाही. कोणतेही अक्षर टाका, यंत्र शोधून देईल.'

यंत्र शोधून देते, हे खरे; परंतु टाकलेले अक्षर शोधून देते. आपल्या गावाकडचाच 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातील तो अर्धा 'र' संगणकात दोन वेगवेगळ्या संकेतांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते भिन्न शब्द असू शकतात, आणि एक शोधला तर दुसरा सापडेलच असे नाही. ज्याला एका 'वऱ्हाडा'तून दुसरा ओळखता येत नाही, त्याला एका धर्मशिक्षकाची दोन नावे कशी ओळखता यावीत?

त्याच वर्षी प्रत्येक पुस्तकावर बारकोड चिकटवण्यासाठी प्रत्येक पुस्तक हातात घ्यावे लागले. एके दिवशी ती चाळीस पानांची पुस्तिका पुन्हा आमच्या हाती आली. या वेळी घाई नव्हती. आम्ही प्रस्तावना वाचली. ती त्या काळच्या धर्मगुरूंनी लिहिली होती, आणि पहिल्याच परिच्छेदात लेखकाची दोन्ही नावे होती : जन्माचे आणि बाप्तिस्म्याचे. आम्ही खुर्चीत बसून राहिलो. आठ वर्षे हे पुस्तक तिसऱ्या मांडणीच्या खालच्या फळीवर होते. ती मुलगी उभी होती तेथून वीस पावलांवर.

तिचा पत्ता आम्ही घेतला नव्हता. कामठीच्या त्या शाळेतून ती केव्हाच गेली होती. एवढे मात्र आठवत होते, की आपला बाप्तिस्मा कोणत्या चर्चमध्ये झाला, ते तिने बोलण्याच्या ओघात सांगितले होते. आम्ही तेथील धर्मगुरूंकडे गेलो. त्यांनी बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही काढली. आपल्या वाचकांना माहीत असेल, की धर्मसंहितेच्या ५३५व्या नियमाप्रमाणे बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी दृढीकरण, विवाह, धर्मगुरुपदाची दीक्षा यांची टीप करावी लागते. विवाह दुसऱ्या गावी झाला, तर तेथील धर्मगुरू मूळ धर्मग्रामाला कळवतात आणि येथे समासात लिहिले जाते. फादरांचे बोट त्या नोंदीवरून समासाकडे सरकले. विवाहाचे वर्ष, चर्च, गाव. सासरचे आडनाव. 'पाहा' हा शब्द तेवढा लिहिलेला नव्हता, पण समासातील त्या दोन ओळींचे काम तेच होते. पत्ता त्यांनी आम्हांला दिला नाही, आणि ते योग्यच झाले. त्यांनी स्वतः त्या गावच्या धर्मगुरूंना पत्र लिहिले.

दोन महिन्यांनी ती आली. बरोबर पाच वर्षांचा मुलगा होता. आम्ही आधी क्षमा मागितली आणि मग पुस्तिका तिच्या हाती दिली. तिने पाने उलटली, एका पानावर थांबली आणि ओठांतल्या ओठांत ते भजन शेवटपर्यंत म्हटले. चाल तिला येत होतीच. मग म्हणाली, 'आजी चार वर्षांपूर्वी गेली.' तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता, तर आम्हांला सोपे गेले असते. जाताना ती पुस्तिकेची छायाप्रत घेऊन गेली. त्या दिवशी कपाटात शेवटचे एक नवे कार्ड पडले, आणि ते या जुडीत सर्वांत वर आहे. त्यावरील नावे आम्ही येथे देत नाही.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा, असे त्यांतील तिघांचे सार आहे. परीक्षेत या सूत्रांवर आम्ही चांगले गुण मिळवले होते. वाचकाचा वेळ वाचवणे म्हणजे चार मिनिटे वाचवणे, असा आमचा समज होता. एखाद्या वाचकाजवळ वेळच थोडा उरलेला असतो, हे आम्हांला आजीने शिकवले.

आता जग आणखी पुढे गेले आहे. शोधयंत्रे आली, आणि अलीकडे तर प्रश्न विचारताच सबंध परिच्छेदांत उत्तर लिहून देणारी यंत्रे आली. आम्ही त्यांना नावे ठेवीत नाही. या वयात डोळ्यांना त्यांची मदतच होते. तथापि त्यांच्या हातून घडणारी एक चूक आमच्या ओळखीची आहे. एकाच नावाच्या दोन माणसांची चरित्रे ती कधी कधी एकत्र शिवून टाकतात आणि शिवण इतकी सफाईदार असते, की ती दिसत नाही. ज्या समाजात एका धर्मग्रामात एकाच नावाआडनावाचे चौघे-पाचजण सहज भेटतात, त्याने या बाबतीत अधिक सावध असावे. कपाटाला जेव्हा उत्तर येत नसे, तेव्हा ते गप्प राहत असे. 'नाही' असे खात्रीने सांगण्याची चूक कपाटाने केली नाही, ती आम्ही केली. खात्रीने चुकणे ही माणसाची जुनी खोड आता यंत्राला लागली आहे, एवढाच फरक.

चांगल्या गोष्टीही घडत आहेत. पूर्वी विद्वानांची अशी इच्छा होती, की जगभर एका लेखकाचे एकच प्रमाण नाव असावे. ते जमले नाही, आणि जमले नाही ते बरे झाले. २००३ पासून जगातील मोठ्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी आपापल्या नामसूची एकमेकींशी जोडण्यास आरंभ केला. आता एका माणसाची निरनिराळ्या भाषांतील, लिप्यांतील नावे एका नोंदीत शेजारी शेजारी नांदू शकतात. कुणाला आपले नाव टाकावे लागत नाही. २००९ च्या आंतरराष्ट्रीय तालिका-तत्त्वांत तर वाचकाच्या सोयीला पहिले स्थान दिले गेले. 'कोहा' नावाची एक संगणकप्रणाली न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयाने करवून घेतली आणि ती जगाला विनामूल्य दिली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट असा आहे. तिच्यात या नामप्रमाणीकरणासाठी स्वतंत्र जागाच आहे. आमच्या ग्रंथालयात आता तीच वापरतात. म्हणून दर शनिवारी आम्ही या जुडीतील दहा-पंधरा कार्डे पिशवीत घालून तेथे जातो. सध्याच्या ग्रंथपाल बाई वयाने आमच्या मुलीएवढ्या आहेत. आम्ही वाचतो, त्या भरतात. 'गोडघाटे, पाहा ग्रेस.' 'इस्तेव्हाव, पाहा स्टीफन्स.' 'स्नानसंस्कार, पाहा बाप्तिस्मा.' कधी आमचे मतभेद होतात. हे शेवटचे कार्ड उलटे असावे, असे त्यांचे म्हणणे. वसईकडील पुस्तकांत 'स्नानसंस्कार' हाच शब्द रूढ आहे, असा त्यांचा दाखला. आम्ही मान्य केले. प्रमाण कोणते हे बदलू शकते. वाट तेवढी दोन्हीकडून हवी.

वाचकांना, आणि विशेषतः आपल्या समाजातील लिहिणाऱ्यांना, एक विनंती. आपल्या धर्मग्रामांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, नोवेनांच्या पुस्तिका, गीतसंग्रह आम्ही शेकड्यांनी हाताळले. कितीतरींवर वर्ष नाही, गाव नाही, लेखकाच्या जागी नुसती आद्याक्षरे किंवा 'एक सेवक' एवढेच. हा विनय आहे, हे आम्ही जाणतो. परंतु या विनयामुळे नातवंडांना आजोबा सापडत नाहीत. आपले पूर्ण नाव लिहा. दुसरे नाव असेल, तर तेही आतल्या पानावर लिहा. वर्ष आणि गाव लिहा. त्यात अहंकार नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात उत्तम मेंढपाळाची जी ओळख आहे, तीत तो मेंढरांना नावानिशी हाक मारतो, ही खूण आम्हांला सर्वांत जवळची वाटते. त्याला प्रत्येकाची सगळी नावे ठाऊक असतात : जन्माचे, बाप्तिस्म्याचे, घरातले, सासरचे, आणि जे कुणी कधी छापले नाही तेही. आम्हां माणसांना तेवढे ज्ञान नाही. आम्ही फार तर प्रस्तावना वाचू शकतो आणि एका नावाजवळ दुसऱ्याची पाटी लावू शकतो.

येत्या शनिवारी जुडीतील 'न'ची कार्डे घ्यावयाची आहेत. त्यांत 'नियोगी अहवाल' आहे.